अखर्चित दीडशे मिनिटं

लेखापरीक्षण ही नोकरी असते, असं मला नाना शेजारी राहायला येईपर्यंत वाटायचं. तो स्वभाव असतो. नोकरी सहकार खात्यात आहे आणि ती संध्याकाळी सव्वासहाला संपते. नानांचं ऑडिट मात्र टूथपेस्टची ट्यूब शेपटाकडून दाबलीय की मधूनच, इथपासून सुरू होतं ते रात्री गॅसचा कॉक बंद केल्याची दोनदा खात्री होईपर्यंत चालतं. वाण्याच्या बिलाची बेरीज ते वाण्यासमोर खालून वर करतात. साताऱ्यात मंगळवार तळ्याजवळ आमची इमारत आहे. तिच्या टाकीत रोज किती पाणी आलं याचं एक रजिस्टर आहे आणि त्यात दर शनिवारी हिरव्या शाईत ‘तपासले’ असा शेरा पडतो. हे काम नानांना कुणी सांगितलेलं नाही. काढून घ्यायची हिंमतही कुणाला झालेली नाही.

वय ५३. उंची पाच फूट पाच इंच. वजनाबद्दल वाद आहे. घरचा काटा ८६ किलो दाखवायचा, पण त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का नसल्यामुळे नानांनी तो पुरावा ग्राह्य धरलेला नव्हता. पोट शर्टाच्या चौथ्या बटणावर उघड हरकत घेत होतं, तीही त्यांनी फेटाळली होती.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी ती चाचणी. आकडा आला ६.३. साडेसहाच्या पुढे मधुमेह. नाना खूश झाले. “दोन दशांश शिल्लक आहेत मास्तर,” मला म्हणाले. डॉक्टरांनी ते दोन दशांश वेगळ्या नजरेनं पाहिले आणि रोज व्यायाम करायला सांगितलं. दुसरा कुणी असता तर बूट घेऊन आला असता. नानांनी फाइल उघडली.

फाइलमध्ये पहिला कागद लागला तो जागतिक आरोग्य संघटनेचा. मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम करावा, असं त्यात आहे. नानांनी सातानं भागून रोजची २१ मिनिटं २६ सेकंद काढली आणि वरच्या सेकंदांचं काय करायचं, यावर आमचे दोन रविवार गेले.

तेवढ्यात पुण्याच्या मुलानं फोनवर दहा हजार पावलांचा हिशेब सांगितला. नानांना गोल आकड्यांचा जन्मजात संशय आहे. त्यांच्या मते खरा खर्च कधी बरोब्बर दहा हजार होत नाही, ९,८६३ होतो. त्यांनी आकड्याचा माग काढला. चार दिवसांनी रात्री साडेनऊला माझं दार वाजलं.

“मूळ व्हाउचर सापडलं,” नाना म्हणाले. “जपान. १९६४ ला टोकियोचं ऑलिंपिक झालं. लोकांना चालायची हौस आली. १९६५ ला एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. नाव काय, तर मानपोकेई. म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. मास्तर, हा आकडा वैद्यांचा नाही. विक्री विभागाचा आहे!”

ही गोष्ट खरी आहे, आणि माझी अडचण तीच होती. नानांचा एकही आक्षेप खोटा नसतो. “मग नेमकी किती पावलं चालायची?” मी विचारलं. “ते ठरेपर्यंत कार्यवाही स्थगित,” म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्या दिवसातली तीच काय ती बारा पावलं.

पावलं बाद झाल्यावर मिनिटंच उरली. नानांनी त्यांचं रीतसर अंदाजपत्रक केलं. आठवड्याला १५०, वर्षाचे ५२ आठवडे, एकूण तरतूद ७,८०० मिनिटं. एका आठवड्याची शिल्लक पुढच्या आठवड्यात ओढायची. ही ओढाओढ इतकी मनापासून झाली की फेब्रुवारीअखेर एकूण खर्च ३४० मिनिटांचा होता. त्यात पाहुण्यांना घेऊन सज्जनगडावर दोनदा जाणं, लिफ्ट बंद असतानाचे ऑफिसचे जिने आणि भाच्याच्या वरातीत बेंजोपुढे केलेला पाऊण तासाचा नाच होता. नाच ‘मध्यम दमाचा’ धरावा की ‘जोरदार’, याबद्दल रकान्यात प्रश्नचिन्ह होतं.

शिल्लक ७,४६० मिनिटं. आणि समोर मार्च.

सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला अखर्चित रक्कम बघवत नाही. ३१ मार्चच्या रात्री ती व्यपगत होते, हे त्याच्या रक्तातल्या साखरेपेक्षाही खोल भिनलेलं असतं. त्या शेवटच्या आठवड्यात सहकार खात्यातल्या सगळ्या नस्त्या उरकून नाना संध्याकाळी अजिंक्यताऱ्याचा रस्ता चढायला लागले. पहिल्या दिवशी एकदा. दुसऱ्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी वर मंगळाई देवीच्या देवळाशी पोचून, खाली येऊन, घड्याळ बघून पुन्हा वळले. मी त्यांना वाटेत गाठलं. चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला होता. “अहो, बसा!” मी म्हटलं. “निधी परत जाईल,” एवढंच त्यांच्या तोंडून आलं, आणि तेही दोन हप्त्यांत.

निधी परत गेला. नानाही परत आले, रिक्षातून. पुढचे आठ दिवस वहिनी त्यांचे गुडघे ओव्याच्या पुरचुंडीनं शेकत होत्या. मी बघायला गेलो तर उशाशी वही होती. चार दिवसांत ५९० मिनिटं खर्ची पडली होती आणि पलंगावरच्या आठ दिवसांसमोर लिहिलं होतं : ‘घसारा.’

वर्ष नवीन, तरतूद नवीन. या खेपेला नानांनी व्यायामशाळेत पैसे भरले. वर्षाचे ९,६००, एकरकमी, कारण एकरकमीला सूट होती. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी त्यांनी दर फेरीचा खर्च काढला : २,४०० रुपये. “या भावात पुण्याला टॅक्सीनं जाऊन येता येईल,” म्हणाले. मी म्हटलं, रोज गेलात तर भाव उतरेल की. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते बुडीत पतसंस्थेच्या चेअरमनकडे पाहत असतील. धावायच्या पट्ट्याबद्दलही त्यांचं वेगळं टिपण होतं : ‘पाऊण तास चालूनही लाभार्थी मूळ जागीच आढळला.’

घरात व्यायामाची सायकल आधीपासून होती. तिच्यावर कपडे वाळतात हे सांगायला नको, सगळ्यांच्याच वाळतात. पण नानांनी तिला डेडस्टॉक रजिस्टरला घेऊन पांढऱ्या रंगानं नंबर टाकलाय. तो ओल्या टॉवेलाखालून दिसतो.

व्यायामाचा विषय निघाला की नानांना कमीपणा वाटतो, असं मात्र नाही. त्यांचं मूळ घराणं औंधचं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत. संस्थानातल्या शाळांमधून त्यांनी ते सक्तीचे केले, त्यावर पुस्तकं लिहिली आणि सूर्यनमस्कार साहेबाच्या देशापर्यंत नेऊन पोचवला. नानांचे आजोबा त्यांतल्याच एका शाळेत शिकले. रोजचे शंभर नमस्कार, वर्षाचे तीनशे दिवस, आठ वर्षं.

“दोन लाख चाळीस हजार,” नाना म्हणाले. “घराण्याच्या खात्यावर जमा आहेत.”

“आणि तुमचे?”

“मी व्याजावर आहे.”

जिल्ह्याच्या बाबतीतही त्यांची तीच भूमिका. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. माणच्या दुष्काळी मातीतली ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. “सातारा जिल्ह्याचं उद्दिष्ट केव्हाच पूर्ण झालंय,” नाना म्हणतात. “आता जे पळतात ते जादा काम. त्याला भत्ता नाही.”

भत्त्याचा मुद्दा त्यांना खरोखर छळतो. दरवर्षी आमच्याकडे हिल मॅरेथॉन होते. पावसाळी धुक्यात हजारो माणसं यवतेश्वरचा घाट चढतात आणि २१ किलोमीटर पळून परत येतात. नाना छत्री घेऊन बघायला येतात, टाळ्याही वाजवतात, पण शेवटी त्यांना राहवत नाही. “एवढं पळून माणूस निघाला तिथंच आला,” ते कळवळून म्हणतात. “याचं टीए बिल कोण मंजूर करील?”

मुलानं मनगटावर बांधायचं घड्याळ पाठवलं, तेव्हा वाटलं आता तरी काही होईल. यंत्र स्वतः नोंदी ठेवणार, म्हणजे नानांच्या जातीचंच. गणपतीपर्यंत दोघांचं बरं चाललं. मग एका संध्याकाळी आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली आणि प्रसादाला हात पुढे करताना नानांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. पाटाशेजारी एका जागी उभं राहून टाळ्या पिटल्याबद्दल त्यानं नानांच्या नावावर ३१२ पावलं टाकली होती! दुसरा माणूस बाप्पा मोरया म्हणून गप्प बसला असता. नानांनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम झांजा घेतल्या. पावलं वाढली. “बोगस नोंदी,” म्हणाले आणि घड्याळ काढून कपाटात ठेवलं. मला त्यांच्या या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं. फुकटची पावलं घेणार नाही आणि कष्टाची चालणार नाही, असा हा करारी माणूस.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात घराघरांत आहारतज्ज्ञांवरून दोन पक्ष पडले होते तेव्हाची गोष्ट. दीक्षित म्हणतात दिवसातून दोनदाच जेवा आणि पंचावन्न मिनिटांत उठा. दिवेकर म्हणतात दर दोन तासांनी थोडं खा. नानांनी दोघांचा ताळमेळ घातला. “दोन हा आकडा दोन्हीकडे आहे,” म्हणाले आणि दर दोन तासांनी पंचावन्न मिनिटं खाऊ लागले. वहिनींनी तिसऱ्या दिवशी डबे वरच्या फळीवर ठेवले. कंदी पेढ्यांचा पुडा घरात आला तर नाना त्यातून दहा टक्के नमुना तपासणी करतात. एका पेढ्यावर शंका आली की नमुना वाढवावा लागतो, असा नियम आहे म्हणे.

तर अशा या माणसाच्या आयुष्यात गेल्या कोजागरीला दूध आटेना.

इमारतीच्या गच्चीवर आमची कोजागरी असते. दुधाची जबाबदारी नानांकडे, कारण वर्गणीचा हिशेब त्यांच्याकडे. आठ लिटर म्हशीचं दूध साडेआठला शेगडीवर चढलं. साडेदहा वाजले. चंद्र डोक्यावर आला. केशर पडलं, चारोळ्या पडल्या, पोरं पेंगून पडली. दूध जसंच्या तसं. साय धरायचं नाव नाही. नाना उलथन्यानं पातेल्याची कड खरवडत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू कामावरचा होत गेला. “मास्तर,” ते हळूच म्हणाले, “यात अपहार आहे.”

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या डेअरीतून लॅक्टोमीटर आला. गवळ्याच्या दुधात तो चोवीसपर्यंत बुडाला. गवळ्यानं म्हशीवर ढकललं, हवेवर ढकललं, शेवटी काचेच्या नळीवर ढकललं. नानांनी त्याचा हिशेब पै-पैचा चुकता केला आणि वहिनींना सांगितलं, आजपासून दूध डोळ्यांसमोर काढून आणायचं.

डोळ्यांसमोर म्हणजे पैलवानाच्या गोठ्यावर. हा गोठा यवतेश्वरच्या घाटाला लागल्यावर पहिली दोन वळणं वर आहे. आमच्यापासून जाऊन-येऊन पाच किलोमीटर सहज. म्हैस नुकतीच व्यालेली होती. पैलवान एकेकाळी तालमीतला होता, आता नुसता कानांवरून ओळखू येतो. धार पावणेसहाला. “म्हस कुनासाटी थांबत न्हाई,” त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं.

नाना पहिल्या दिवशी स्कूटरवरून गेले. किटलीचं झाकण घाटाच्या पहिल्या वळणावर उडालं आणि अर्धा लिटर दूध पायदानावर, बुटात आणि एका मोजात गेलं. वाहतुकीतली घट नानांना मंजूर नाही. दुसऱ्या दिवसापासून पायी. किटली घेऊन, पहाटे पाचला.

आणि मग एक दिवसही खाडा नाही. दिवाळीत नाही, जानेवारीच्या कडाक्यात नाही, रविवारी तर नाहीच, कारण नानांच्या अनुभवाप्रमाणे गैरव्यवहार सुट्टीच्या दिवशीच होतात. मार्चअखेरच्या धामधुमीत रात्री नऊला घरी आलेला माणूस पहाटे पाचला किटली विसळत असायचा. मी एकदा म्हटलं, आज नका जाऊ, थंडी फार आहे. “ज्या दिवशी मी जाणार नाही,” नाना कानटोपी बांधत म्हणाले, “नेमकं त्याच दिवशी पाणी पडेल.” मला वाटतं, माणसाला अंथरुणातून उठवायची जी ताकद संशयात आहे, ती डॉक्टरांच्या धाकात नाही आणि मुलाच्या प्रेमात तर मुळीच नाही.

मी दोनतीनदा त्यांच्याबरोबर गेलो. जाताना चढ, म्हणून दम लागतो. येताना उतार, पण उजव्या हातात दोन लिटरची भरली किटली. ती हिंदकळू द्यायची नाही, म्हणून खांदे सरळ, मान ताठ, पोट आत. उन्हाळ्यात ऊन तापायच्या आत घरी पोचून दूध तापवायचं, नाहीतर नासतं, म्हणून पाय झपाझप. माझ्या हातात काही नव्हतं तरी मला त्यांना गाठताना धाप लागत होती. वाटेत बूट-टोप्या घातलेली मंडळी भेटायची, हात हलवत, कोपर उडवत चाललेली. “रिकामटेकडे,” नाना त्यांना ओलांडून पुढे जाताना पुटपुटले.

पण खरी गंमत गोठ्यात. पान्हा सोडायला आधी रेडकू लावायचं, मग धार काढायला ते ओढून बाजूला धरायचं. पैलवानाची पाठ धरलेली, पोरगं पुण्याला कंपनीत. तेव्हा नानांचा उपयोग ओळखून त्यानं दुसऱ्याच दिवशी दोर त्यांच्या हातात दिला. “धरा जरा, सायेब.” ऑक्टोबरात रेडकू कुत्र्याएवढं होतं. ते आईकडे ओढायचं, नाना भिंतीकडे ओढायचे आणि त्या ओढाताणीत मान वळवून चरवीवर नजरही ठेवायचे. रेडकू महिन्यामहिन्यानं वाढत गेलं. मे महिन्यात मी पाहिलं तेव्हा नाना दोन्ही टाचा शेणात रोवून, गुडघ्यात वाकून, दात-ओठ खात त्या काळ्या धुडाला पेलत होते. पैलवान धार काढता काढता सूचना देत होता : “कंबर खाली! कंबर खाली घ्या! आत्ता कसं!” मला व्यायामशाळेचे ते ९,६०० आठवले. इथे दूध लिटरला ऐंशी होतं आणि वस्ताद फुकट.

पाचला उठायचं म्हणून रात्री दहाला झोप आली. दहाला झोप आली म्हणून साडेदहाच्या बातम्या गेल्या. बातम्यांबरोबर चिवडा गेला. चौथं बटण कधी शांत झालं, कुणाच्या ध्यानात आलं नाही. पँटच्या पट्ट्याला नानांनी स्वतः दाभणानं दोन भोकं पाडली आणि ‘हल्लीचं कातडं सैल पडतं’ असा शेरा मारला.

या जून महिन्यात, मृगाच्या तोंडावर, डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं. मला बीपीच्या गोळ्या घ्यायच्या होत्या म्हणून मीही बरोबर होतो. डॉक्टर अहवाल दोनदा वाचून म्हणाले, “५.६! नाना, वजनही नऊ किलोनं कमी. काय करता काय?”

“काही नाही,” नाना म्हणाले. ते खोटं बोलत नाहीत.

“व्यायामशाळा?”

“सोडली.”

“चालणं?”

“पावलांच्या आकड्याला आधार नाही, ते मी तुम्हाला मागेच लेखी दिलंय.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

“डॉक्टर, खरं सांगू का,” नानांचा आवाज जरा पडला, “करायचं फार मनात आहे. पण वेळच मिळत नाही. सकाळचे पाच ते सात दुधात जातात. आल्यावर अंघोळ, पूजा, ऑफिस. तुम्ही २१ मिनिटं म्हणता. आणायची कुठून?”

डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पॅड ओढलं, औषधाच्या जागी आडवी रेघ मारली आणि म्हणाले, “जे काही तुम्ही करत नाही, ते असंच न करणं चालू ठेवा.”

बाहेर पाऊस भुरभुरत होता. नानांनी छत्री उघडली, पण पायरी उतरेनात. चेहऱ्यावर आनंद नव्हता. उलट मार्चअखेरची कळा होती.

“काय झालं?” मी विचारलं. “एवढा चांगला अहवाल आलाय.”

“ते ठीक आहे हो. पैलवान काल म्हणाला, म्हैस आटत आली. पंधरा दिवस निघतील फार तर. तिच्यानंतर भरवशाची म्हैस म्हणजे त्याच्या मेव्हण्याची. आणि मेव्हणा वर यवतेश्वरात राहतो.”

“म्हणजे अख्खा घाट?”

“अख्खा घाट. जाऊन-येऊन आणखी तासभर गेला सकाळचा.” त्यांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि खोल सुस्कारा सोडला. “आणि मास्तर, या सोमवारपासून मी रोज अर्धा तास चालायचं ठरवत होतो!”